शाळेचा डबा: मधल्या सुट्टीपर्यंत मऊ, कोरडा आणि ताजा कसा राहील

सकाळी साडेसहाला भरलेला डबा मूल साडेनऊ-दहाला उघडतं. दिवसभराची शाळा असेल तर मोठ्या सुट्टीचा डबा भरल्यानंतर पाच-सहा तासांनी उघडला जातो. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच डबा सुरू होतो, त्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते. पदार्थ लगेच ताटात वाढायचा असल्यासारखा केला जातो आणि तसाच डब्यात जातो. तव्यावरून ताटात पडलेली पोळी आणि चार तास बंद राहिलेली पोळी यांना वेगळ्या हाताने करावं लागतं. म्हणून काय करायचं हे ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: डबा किती वाजता उघडणार, सुट्टी किती मिनिटांची, आणि मूल तो एकटं उघडून खाणार की कोणी मदत करणार. दहा मिनिटांच्या छोट्या सुट्टीत पहिलीतलं मूल पोळीचे तुकडे मोडून भाजीला लावून पूर्ण डबा संपवेल, ही अपेक्षा करू नका. त्या सुट्टीला हातात धरून खाता येईल असंच काहीतरी लागतं.

आधी वाफेचा बंदोबस्त

डबा बिघडण्याची बरीचशी कारणं वाफेपाशी येऊन थांबतात. एकदा करून पाहा: गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावा, दहा मिनिटांनी उघडा आणि झाकणाच्या आतून बोट फिरवा. बोट ओलं होईल. तेच पाणी थेंब होऊन वरच्या पोळीवर पडतं, कडेने तळाशी उतरतं आणि खालची पोळी चिकट करून टाकतं. भाजीचंही तसंच. सकाळी कुरकुरीत असलेल्या बटाट्याच्या काचऱ्या दहा वाजता लिबलिबीत होतात त्या बंद झालेल्या वाफेमुळे.

दुसरं कारण तब्येतीचं आहे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जिवाणू भराभर वाढतात. बंद डब्यातलं कोमट, ओलसर अन्न म्हणजे त्यांना हवी तशी जागा. म्हणून डब्याला दोनच वाटा चांगल्या. एक तर अन्न पूर्ण निवू द्या आणि मग झाकण लावा, किंवा ते खरोखर कढत असताना गरम ठेवणाऱ्या डब्यात भरा. कोमट भरून बंद करणं टाळा.

निववण्यासाठी फार वेळ लागत नाही, फक्त अन्न पसरायला हवं. भाजी कढईत राहिली तर अर्धा-पाऊण तास गरम राहते. पसरट ताटात पातळ थर करून पंख्याखाली ठेवली तर दहा-बारा मिनिटांत निवते. वर जाळी किंवा पातळ सुती फडकं टाका, घट्ट झाकण नको.

गरम ठेवणारा डबा असेल तर त्यात आधी उकळतं पाणी भरून पाच ते दहा मिनिटं ठेवा, पाणी ओता, आणि लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरा. थंड स्टीलमध्ये भरलं की अन्नाची काही उष्णता भांडंच शोषतं. अर्धवट भरलेला डबाही लवकर निवतो. यात खिचडी, वरण-भात, सांबार चांगलं राहतं. पोळी मात्र कधीही घालू नका, ती घामेजते.

पोळी: मऊपणा कणकेत असतो

आठ पोळ्यांसाठी 250 ग्रॅम कणीक, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल आणि साधारण 150 ते 165 मिलिलिटर कोमट पाणी लागतं. नेमका आकडा पिठाच्या दळणावर ठरतो.  डब्याच्या पोळीची कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल हवी. बोटाने दाबल्यावर खळगा पडून हळूहळू वर यावा आणि बोटाला कणीक चिकटू नये, इतपत. घट्ट कणकेची पोळी तव्यावरून उतरताना चांगली वाटते, पण दोन तासांनी पापडासारखी होते, कारण तिच्यात मुळातच पाणी कमी असतं.

भिजवल्यावर वीस ते तीस मिनिटं झाकून ठेवा. घाईत हीच पायरी गाळली जाते. पिठाला पाणी मुरायला तेवढा वेळ लागतोच. न मुरलेली कणीक लाटताना आखडते, कडा जाड राहतात, आणि डब्यात त्या जाड कडाच आधी कडक होतात. परत आलेल्या डब्यात पोळीच्या नुसत्या कडा उरल्या असतील तर समजा, कणीक मुरली नव्हती किंवा लाटताना मधे जास्त आणि कडेला कमी दाब पडला.

घडीची पोळी डब्याला फुलक्यापेक्षा चांगली. उंडा थोडा लाटून तेलाचं बोट फिरवायचं, वर चिमूटभर पिठी भुरभुरायची, दुमडून पुन्हा लाटायची. आतल्या तेलामुळे पदर सुटे राहतात आणि ओलावा टिकतो. वरून लावलेली जास्तीची पिठी मात्र झटकून टाका. ती तव्यावर करपते आणि पोळी कोरडी लागते.

तवा चांगला तापलेला आणि आच मध्यमपेक्षा जरा मोठी. पोळी एक-दीड मिनिटात उतरली पाहिजे. मंद आचेवर तीन मिनिटं शेकलेली पोळी भाजली जाण्याऐवजी वाळते. उतरल्या उतरल्या अर्धा चमचा तूप किंवा तेल लावा.

आता निववणं. सपाट ताटलीत पोळी ठेवली की खालून घाम सुटतो. पंख्याखाली उघडी ठेवली की वाळते. मधला मार्ग: रोवळीत किंवा जाळीवर सुती फडकं अंथरून त्यात पोळ्या एकावर एक ठेवा आणि फडक्याचंच टोक वर ओढा. जास्तीची वाफ फडकं शोषतं. सात-आठ मिनिटांनी पोळ्या चौघडी करून डब्यात घाला; तळाला धुतलेल्या मलमलचा छोटा चौकोन किंवा टिश्यू ठेवला तर आणखी चांगलं.

कणीक आदल्या रात्री भिजवायची असेल तर वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी लाटण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. रंग थोडा काळपट होतो, चव बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीच संपवा. तयार पोळी मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका, ती तिथे जास्तच कडक होते.

भाजी कोरडी हवी, पण घशात अडकणारी नको

रसभाजी दप्तरात सांडते, हे सगळ्यांना कळतं. पण सुक्या भाजीलाही पाणी सुटतं, आणि ते कशामुळे हे माहीत असलं की टाळता येतं. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून कोबी, दुधी, भोपळी मिरची यांना मीठ लवकर घालायचं, सुटलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवून टाकायचं, आणि मगच गॅस बंद करायचा. भेंडीला उलट: मीठ अगदी शेवटी. भेंडी आदल्या रात्री धुऊन, पुसून फडक्यावर वाळवा. सकाळी चिरून मोठ्या कढईत, झाकण न ठेवता परता. तार सुटायला लागली की दोन आमसुलं किंवा चमचाभर दही घाला. ओली भेंडी चिरली किंवा वर झाकण ठेवलं की तार गेलीच नाही म्हणून समजा.

सुटणारं पाणी शोषून घेणारे दोन मदतनीस आपल्या स्वयंपाकघरात आहेतच: बेसन आणि दाण्याचं कूट. मेथीच्या एका जुडीला तीन-चार चमचे बेसन पेरून झाकण ठेवून वाफ द्या, ही भाजी दुपारपर्यंत मोकळी राहते. पालक, शेपू, कांद्याची पात, भोपळी मिरची सगळ्यांना हे चालतं. पिठल्यापेक्षा झुणका बरा, तोही थोडा मऊ ठेवून वर चमचाभर तेल सोडलेला. कोरडाठाक झुणका लहान मुलांच्या घशाखाली उतरत नाही.

दाण्याच्या कुटाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असू शकतं आणि मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षकांना विचारून ठेवा. परदेशातल्या मराठी घरांना हा प्रश्न रोजचा आहे, कारण तिथल्या बऱ्याच शाळा दाणे आणि सुकामेवा डब्यात आणू देत नाहीत. तिथे उसळीत, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्यात डाळ्याचं कूट वापरा. तिळाचं कूट पर्याय म्हणून लगेच घेऊ नका, तिळाचीही ॲलर्जी असते.

मटकी, मूग, चवळी यांची सुकी उसळ डब्याला उत्तम. मटकी आठ तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात दहा-बारा तास बांधून ठेवली की मोड येतात. मोड आलेलं कडधान्य कच्चं डब्यात देऊ नका. ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जिवाणूही वाढतात, म्हणून ते शिजवूनच द्यायचं. वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

वासाचाही विचार करा. फ्लॉवर, कोबी, मुळा जितका जास्त वेळ शिजतील तितका त्यांचा उग्र वास वाढतो, आणि तो बंद डब्यात साचतो. वर्गात झाकण उघडल्यावर शेजारच्या मुलाने नाक दाबलं की ती भाजी पुढे वर्षभर मुलाला नको असते. फ्लॉवरचे तुरे लहान करा, मोठ्या आचेवर जेमतेम शिजवा. उकडलेल्या अंड्याचंही हेच. पाणी उकळल्यावर नऊ-दहा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडा येते आणि वास सुटतो. काही शाळांत अंडं आणलेलं चालत नाही, ते आधी विचारा.

ओलं खोबरं उन्हाळ्यात टाळा. फेब्रुवारीच्या शेवटापासून, विदर्भ-मराठवाड्यात तर त्याआधीच, ओल्या नारळाची चटणी किंवा वर भुरभुरलेला चव दुपारपर्यंत आंबूस होतो. भाजलेलं सुकं खोबरं चालतं.

पोळी-भाजीला सुट्टी असेल त्या दिवशी

थालीपीठ गार झालं की चामड्यासारखं ओढावं लागतं, ही तक्रार बरोबर आहे, पण उपाय सोपा आहे. एक वाटी भाजणीला एक बारीक चिरलेला कांदा, एक चमचा दही किंवा लिंबाएवढा उकडलेला बटाटा कुस्करून, एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन, आणि गरम पाण्यात सैलसर भिजवणं. पातळ थापा, भोकं पाडा, झाकण ठेवून एक बाजू शिजवा. सोबत लोण्याचा गोळा वितळून पसरतो. त्याऐवजी तुपात कालवलेली चटणी किंवा गूळ-तूप द्या.

उपमा गार झाल्यावर घट्ट वडी होतो. घरी एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी घालत असाल तर डब्यासाठी तीन घाला आणि तेल अर्धा चमचा वाढवा. पोह्यांना जाड पोहेच घ्या, भिजवून पूर्ण निथळा, आणि डबा बंद करण्याआधी दोन चमचे दूध शिंपडा. साबुदाण्याची खिचडी दोन-अडीच तासांत खाल्ली जाणार असेल तरच द्या; पुढे तिचे दाणे चामट होतात, कितीही चांगली भिजली असली तरी.

इडली गारही चांगली लागते. ओल्या चटणीऐवजी इडल्या अर्ध्या कापून आतून तूप आणि चटणीपूड लावा. आप्पे, मुगाची धिरडी, मेथीचे ठेपले, दुधीचे पराठे, तिखटमिठाच्या पुऱ्या हे सगळे डब्याचे भरवशाचे गडी. घावन आणि धिरडी एकावर एक चिकटतात म्हणून गुंडाळ्या करून उभ्या लावा.

छोट्या सुट्टीला पोळीची गुंडाळी बरी पडते. भाजी बारीक असू द्या, पोळीच्या मधोमध पट्ट्यात घाला, कडेपासून दोन बोटं जागा सोडा, घट्ट गुंडाळून मधे कापा आणि खालचा अर्धा भाग बटर पेपरमध्ये बांधा. टोमॅटो, लिंबू, चिंच असलेला पदार्थ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये बांधू नका. आंबटपणाने फॉइलमधलं ॲल्युमिनियम अन्नात उतरतं. कालच्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तुपाचा मलिदा हाही सुट्टीचा खाऊ आहे, विकतच्या बिस्किटांपेक्षा नक्कीच बरा.

भाताबाबत सावध राहा. तांदळातले काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीच्या भाताची सकाळी फोडणी करायची असेल तर रात्रीच तासाभरात निववून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी तो वाफाळेपर्यंत परता. रात्रभर बाहेर राहिलेला भात डब्यात घालू नका. दहीभात द्यायचा तर एक वाटी मऊ भात कुस्करून पूर्ण गार करा, पाऊण वाटी गार दूध आणि एकच चमचा दही घाला. दुपारपर्यंत तो डब्यातच विरजतो आणि आंबट होत नाही. कडक उन्हाळ्यात दही अर्धा चमचा पुरे, आणि डबा पाच-सहा तासांनी उघडणार असेल तर त्या दिवसांत दहीभात नको.

किती द्यायचं

अंदाजासाठी शालेय पोषण आहाराचं माप उपयोगी आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी कोरडं मोजलेलं 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75 ग्रॅम. हे पूर्ण जेवणाचं माप आहे. आपल्या पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, म्हणजे लहान मुलाच्या पूर्ण जेवणाला तीन पोळ्यांच्या आसपास. पण सकाळच्या शाळेचा एकच डबा असेल आणि मूल घरी येऊन जेवणार असेल तर त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. सुरुवातीचे पंधरा दिवस थोडं कमीच भरा. रिकामा डबा घरी येण्याची सवय लागली की वाढवता येतं. रोज अर्धा उरणारा डबा मात्र मुलाला टाकायची सवय लावतो.

फळं आणि कोशिंबीर

अख्खं केळं, पेरू, चिकू, संत्र्याच्या फोडी, डाळिंबाचे दाणे हे सगळं बिनत्रासाचं. सफरचंद कापून द्यायचं तर एक वाटी पाण्यात पाव चमच्याहून कमी मीठ घालून फोडी पाच मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढून पुसा. काळ्या पडत नाहीत आणि खारटही लागत नाहीत. काकडी-गाजराला मीठ लावू नका, चिमूटभर मीठ कागदात वेगळं द्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खी द्राक्षं आणि अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरा. फळाचा डबा वेगळा ठेवा, नाहीतर पोळीला ओल येते आणि फळाला भाजीचा वास.

सकाळचा क्रम

रात्री: भाजी निवडून धुऊन कोरडी करणं, कडधान्य भिजवणं किंवा उकडणं, डबा-चमचा-रुमाल एकत्र काढून ठेवणं. उठल्यावर पहिल्यांदा कणीक भिजवा, कारण तिला मुरायला वेळ हवा. ती मुरेपर्यंत भाजी होते. भाजी ताटात पसरा आणि पोळ्यांकडे वळा. शेवटची पोळी उतरेपर्यंत भाजी निवलेली असते. पोळ्या निवेपर्यंत फळ कापा, पाण्याची बाटली भरा. झाकण सगळ्यात शेवटी. उठल्यापासून डबा बंद होईपर्यंत साधारण पन्नास मिनिटं धरा. घाई झाली तर पोळ्यांची संख्या कमी करा, निववण्याची वेळ कमी करू नका.

डबा विकत घेताना मुलाला सोबत न्या आणि दुकानातच त्याच्याकडून उघडून-बंद करून घ्या. चार कड्यांचे घट्ट डबे मोठ्यांना आवडतात, पण सहा वर्षांच्या बोटांना ते उघडत नाहीत, आणि मूल लाजेने कोणाला सांगत नाही. स्टीलचा घ्या, छोट्या सुट्टीला 300 ते 350 मिलिलिटर, जेवणाला 500 ते 600. भाजीसाठी आत वेगळी झाकणाची डबी असावी. नुसत्या आडव्या पट्टीने केलेल्या कप्प्यात भाजीचं तेल पोळीकडे जातंच.

परत आलेला डबा

रागावण्याआधी डबा वाचा. पोळी उरली आणि भाजी संपली, तर पोळी कडक झाली होती. उलटं असेल तर भाजी तिखट, कोरडी किंवा वासाची होती. दोन्ही अर्धं उरलं असेल तर बहुधा वेळ पुरला नाही. घास लहान करा. काहीच खाल्लं नसेल तर आधी विचारा, डबा उघडला का? आणि कोणाबरोबर बसला होतास? त्या दिवशी नवा पदार्थ दिला होता का, हेही आठवा. नवा पदार्थ पहिल्यांदा रविवारी घरी, गार करून खायला द्या. गार आवडला तरच डब्यात.

दप्तरातून डबा घरी आल्या आल्या काढा. झाकणातलं रबर आठवड्यातून एकदा सुरीच्या बोथट टोकाने बाहेर काढून घासा. त्याच्याखाली साचलेल्या ओलाव्यात काळी बुरशी धरते आणि सगळ्या अन्नाला कुबट वास येतो. वास जात नसेल तर कोमट पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून डबा वीस मिनिटं भिजवा. पावसाळ्यात धुतलेला डबा पुसून, झाकण न लावता रात्रभर उपडा ठेवा, आणि सकाळी भरण्याआधी कडेच्या खाचेत पाणी राहिलंय का ते बोटाने पाहून घ्या.